बाबा, बावा आणि संजाण

रोड ट्रिप म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? चार धमाल मित्र, मागच्या सीटवर गिटार, डॅशबोर्डवर पाय टाकून बसलेली कुणीतरी सनग्लासेसवाली... आमच्या गाडीत होते मोतीबिंदूचे एक पेशंट, वळण आलं की उलटी काढणारी आठ वर्षांची मुलगी, डिकीत वीस किलो तूरडाळ आणि पुढे आम्ही दोघं. म्युझिक सिस्टीम बंद. कारण बाबांना डोकं दुखतं. आणि बाबा माझ्या नवऱ्याशी जुलैपासून बोलत नव्हते.

आधी नावांचा घोळ सोडवते. बाबा म्हणजे माझे वडील. कारंजा लाडचे, वाशिम जिल्ह्यातले. आयुष्यभर जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. बावा म्हणजे माझा नवरा. तो पारशी आहे, आणि मुंबईत पारश्याला बावा म्हणतात, तोही स्वतःला तसंच म्हणवून घेतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी घरात ‘बाबा’ अशी हाक मारली की अजून दोघं वळून बघतात. तिसरी आमची लेक. तिचं नवजोत गेल्या वर्षी झालं. ती आईच्या बाजूनं वऱ्हाडी आणि बापाच्या बाजूनं बावी आहे. ‘मले डब्बू-रोटी नको’ हे वाक्य ती एकाच श्वासात बोलू शकते.

आता जुलैचं. माझ्या सासूबाई गेल्या. मी त्यांना ममा म्हणायचे, त्या मला ‘डीकरा’. शेवटची दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या. मी वर्क फ्रॉम होम घेतलं होतं. एका कानात कॉन्फरन्स कॉल आणि एका हातात त्यांच्या सूपचा चमचा, असं चालायचं. माझे अर्धे क्लायंट त्यांचा आवाज ओळखायचे. सांगायचा मुद्दा हा, की नातं सॉलिड होतं. टीव्हीवरच्या सासू-सुनांसारखं बिलकूल नाही.

त्या पहाटे गेल्या. बावा आणि लेक त्यांच्यासोबत पुढे गेले. मी मागे थांबले, कारण बिलिंग काउंटरवर कुणीतरी थांबायलाच हवं होतं. कॅशलेसचं अप्रूव्हल यायचं होतं. ते आलं साडेचार तासांनी. मी टेकडीवर पोचले तेव्हा गेह-सारणाच्या प्रार्थना सुरू झाल्या होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याआधी कुणीही येऊन दर्शन घेऊ शकतं. एकदा ते विधी सुरू झाले की मग पारशी नसलेल्या माणसानं चेहरा बघायचा नाही. नियम जुना आहे, सगळ्यांना माहीत असतो. मला कुणी उद्धटपणे अडवलं नाही. एका बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेरच्या मांडवात बसवलं, पाणी दिलं. लेक आत होती. बापाचा हात धरून तिनं बपईजीचा चेहरा पाहिला. मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तिची पाण्याची बाटली सांभाळत होते.

हे सगळं कायद्याच्याही भाषेत लिहिलेलं आहे. १९०८ साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्यापुढे एक खटला गाजला. त्यात म्हटलं गेलं, की पारशी बापाची मुलं पारशी, पण बाहेरून आलेली बायको मात्र नाही. विषय निघाला होता तो रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच बायकोवरून. म्हणजे जे. आर. डीं.च्या आईवरून! टाटांच्या सुनेचं जिथे जमलं नाही, तिथे कारंज्याच्या हिशेबनिसाच्या पोरीचं काय घेऊन बसलात.

मी हे विनोदानं सांगतेय. बाबांना मी फोनवर असंच विनोदानं सांगितलं होतं. ते हसले नाहीत. ‘दोन साल सेवा केली आन् पोरीले भाईर बसवलं,’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून बावाशी अबोला. फोन त्यानं उचलला की ‘तिले दे’.

*

दिवाळीला आम्ही कारंज्याला गेलो. बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आणायचं होतं. आई चार वर्षांपूर्वी गेली, घरात ते एकटेच. निघायच्या आदल्या रात्री बावा मला म्हणाला, ‘सीधा घरी नको जाऊ या. बोर्डीला एक रात्र थांबू, सकाळी संजाण. तिथला जुना दखमा तुला दाखवतो.’

मी म्हटलं, ‘मला? दखमा?’

‘तिथे आता कोण अडवणार?’

बावा फार बोलत नाही. जुलैनंतर हे त्याचं त्या विषयावरचं पहिलं वाक्य होतं. मी हो म्हटलं. बाबांना सांगितलं, समुद्र बघायला जातोय.

समृद्धी महामार्गावर कारंजा लाडला चढलो. जून २०२५ मध्ये तो शेवटपर्यंत खुला झाला, तेव्हापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत एका दमात जाता येतं. पाचशे किलोमीटरच्या वर सरळसोट सिमेंट. रस्ता छान आहे, यात वाद नाही. पण इतका बोअरिंग, की गाडीतली शांतता ऐकू यायला लागते. आमच्या गावाला एके काळी यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवरची शकुंतला होती. ती इतकी हळू चालायची, की त्यात भांडण झालं तर स्टेशन येईपर्यंत मिटायचं. समृद्धीवर ताशी एकशेवीसनं जाताना भांडण मिटायला वेळच मिळत नाही. जालना गेलं, संभाजीनगर गेलं, इगतपुरीचे बोगदे आले. बाबा खिडकीबाहेर, बावा विंडशील्डबाहेर.

वाड्यामार्गे मनोरला हायवेवर आलो आणि अंधारलं. चिल्हार फाट्यावर बोईसर-तारापूरची पाटी आली. दिसतच नाही अशी तक्रार करणाऱ्या बाबांना ती पाटी बरोबर दिसली.

‘तारापूर?’ ते म्हणाले. ‘हे ते विकाजीचं तारापूर काय?’

कोण विकाजी? मला काहीच कळेना. बावानं मात्र आरशातून मागे पाहिलं. ‘विकाजी मेहेरजी? तुम्हाला कसे माहीत?’

आणि मग बाबा सुटले. जिनिंगमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कापूस या विषयावर बोलतं करायला एवढी एक पाटी पुरते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे नव्हती, धड रस्ता नव्हता, तेव्हा वऱ्हाडातला कापूस पहिल्यांदा मुंबईच्या बाजारात धाडला तो विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी भावांच्या पेढीनं. १८२५-२६ ची गोष्ट. बैलांच्या पाठीवर लादून, घाट उतरून. पुढे हे घराणं हैदराबादच्या निजामाचे सावकार झाले. मूळचे तारापूरचे. तिथला किल्लाही त्यांच्याकडे इनाम होता.

‘आमच्या मालकाच्या कचेरीत जुनं गॅझेटियर होतं. दुपारचं काही काम नसलं की वाचत बसो मी,’ बाबा म्हणाले. ‘कारंज्याले जिनिंग कायले आलं? आधी हे लोकं आले म्हणून.’

‘हे लोकं’ म्हणताना त्यांनी बावाच्या मानेकडे हात केला. बावा काही बोलला नाही, पण गाडी ऐंशीवर आणली. माझ्या नवऱ्याला ऐकायचं असलं की तो ॲक्सिलरेटर सोडतो.

*

चारोटीला हायवे सोडून डहाणू, घोलवड, बोर्डी. रात्री चिकूच्या वाडीतल्या एका घरात राहिलो. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून इथला प्रत्येक यजमान तुम्हाला ते चिकू देण्याआधी सांगतो. सकाळी अंगणातून पूर्वेला बहारोटचा डोंगर दिसत होता. सुलतानाच्या फौजेनं संजाण जिंकलं, तेव्हा पारश्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, त्या डोंगरावरच्या गुहेत लपवला आणि बारा वर्षं तेवत ठेवला, असं सांगतात. मग बांसदा, नवसारी, सुरत असं फिरत फिरत १७४२ साली तो उदवाड्याला आला. अजून तिथेच आहे. उदवाडा इथून जवळ, पण आम्ही तिकडे गेलो नाही. आतशबेहरामात पारशेतर जात नाहीत, आणि बाहेर बसायचा माझा यंदाचा कोटा संपला होता.

झाई ओलांडलं की गुजरात. गंमत म्हणजे सीमा कुठे आली ते कळतच नाही. तीच माडं, तीच ताडीची झाडं, बसथांब्यावर तशाच वारली बाया. फक्त पाट्यांची अक्षरं डोक्यावरची रेघ टाकून देतात. अर्ध्या तासात संजाण.

आधी संजाण स्तंभ पाहिला. पारश्यांच्या आगमनाची आठवण म्हणून १९२० मध्ये उभारलेला. लेकीनं फोटो काढून घेतले. इराणातून निघालेले हे लोक इथे उतरले, इथल्या जादी राणानं त्यांना आसरा दिला. कधी, यावर विद्वानांची भांडणं आहेत. कुणी ७१६ म्हणतं, कुणी ९३६. ‘किस्सा-ए-संजान’ हे फारसी काव्य नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूनं लिहिलं ते १६०० च्या सुमारास, म्हणजे सगळं घडून गेल्यावर कितीतरी शतकांनी. त्यात राजाच्या अटी आहेत. इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. आणि ती दुधात साखरेची सुप्रसिद्ध गोष्ट? ती त्या काव्यात नाहीच! ती नंतर कुणीतरी, बहुधा एखाद्या चहाबाज बावानंच, जोडली असावी.

लेकीनं आजोबांना ती गोष्ट ऐकवली. राजानं भरलेला दुधाचा पेला पाठवला, म्हणजे जागा नाही. पारश्यांनी त्यात साखर टाकून परत केला, म्हणजे आम्ही विरघळून जाऊ, वगैरे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

‘साखर दुधात गेली, बरोबर,’ ते म्हणाले. ‘पण साखरेच्या डब्यात दुधाचा थेंब नाही चालत.’

कुणी काहीच बोललं नाही. बावानं गाडीची किल्ली दुसऱ्या हातात घेतली.

*

दखमा गावाबाहेर, बंदराच्या बाजूला. वारोळी नदीची खाडी, कांदळवन, उंचसखल जमीन, गवत. इथे २००२ ते २००४ अशी तीन वर्षं उत्खनन झालं. वर्ल्ड झरतुष्टी कल्चरल फाउंडेशनचा पुढाकार, एस. पी. गुप्तांचं नेतृत्व आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या रुक्शाना नानजींसारखे अभ्यासक. आखातातून आलेली निळसर झिलईची भांडी, चिनी भांड्यांचे तुकडे, काच असं बरंच काही सापडलं. आठव्या शतकापासून पुढे चार-पाचशे वर्षं हे जोरात चाललेलं बंदर होतं. ९२६ सालच्या चिंचणीच्या ताम्रपटात तर संजाणचा कारभारी एक अरब मुसलमान दिसतो, राष्ट्रकूट राजानं नेमलेला. म्हणजे आपल्या कॉर्पोरेट डायव्हर्सिटीच्या प्रेझेंटेशनला हजार वर्षं ज्येष्ठ.

आणि दखमा. गोल बांधकाम, मधोमध विहीर. ‘टॉवर ऑफ सायलेन्स’ या नावामुळे आपल्याला उंच मनोरा वाटतो, पण तो असतो मोठ्या कट्ट्यासारखा. अग्नी, पाणी, माती या तिन्ही गोष्टी पवित्र, त्या प्रेतानं विटाळायच्या नाहीत, म्हणून देह ऊन आणि गिधाडांच्या स्वाधीन करायचा. आत तीन वर्तुळं असतात. बाहेरच्यात पुरुष, मधल्यात बायका, आतल्यात मुलं. हाडं उन्हानं कोरडी झाली की मधल्या विहिरीत. तिथे श्रीमंत-गरीब सगळी एकत्र. आता गिधाडंच उरली नाहीत. गुरांना देतात त्या डायक्लोफेनॅकनं ती मेली, २००६ मध्ये त्या औषधावर जनावरांसाठी बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. काही ठिकाणी आरसे लावून ऊन एकवटतात. २०१५ पासून मुंबईत वरळीला पारश्यांसाठी प्रार्थनागृह आहे, दहन करायचं ठरवलेल्यांसाठी. ममांना ते नको होतं. त्यांना जुनंच हवं होतं, आणि तसंच झालं.

बघायला काय होतं? खरं सांगू, काही नाही. उत्खनन झालं की खड्डे बुजवतात, गवत आपलं काम करतं. खाडीवरून वारा येत होता. एक गुराखी पोरगा आमच्याकडे बघत होता. बावानं खिशातून टोपी काढून घातली, लेकीनंही रुमाल बांधला, दोघं पुढे जाऊन पुटपुटत उभे राहिले. मी सवयीनं मागे थांबले. कुणी थांब म्हटलं नव्हतं.

बावा वळून म्हणाला, ‘तू तिथे काय करते? इकडे ये.’

गेले.

मग त्यानं फोनवर जपून ठेवलेली एक गोष्ट मला वाचून दाखवली. २०१७ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’ नावाच्या जर्नलमध्ये एक पेपर आला. संजाणला सापडलेल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या हाडांमधल्या २१ नमुन्यांचा डीएनए तपासला होता. आईकडून मुलांकडे येतो तो मायटोकाँड्रियल डीएनए. त्यात ४८ टक्के वंशरेषा निघाल्या खास दक्षिण आशियाई. इराणी नाहीत, इथल्या. म्हणजे सुरुवातीला आलेल्यांनी इथल्या बायकांशी लग्नं केली असणार, असं त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं.

मी हिशेबनिसाची मुलगी आहे, मी लगेच हिशेब केला. आईचा हा डीएनए आईतही असतो आणि तिच्या लेकरांतही. त्यामुळे ती हाडं त्या बायकांच्या लेकरा-नातवंडांची असतील. नाहीतर... त्या बायकांचीच. कोण असतील त्या? कोळणी? या खाडीकाठच्या कुणाच्या तरी मुली. घरी मासळी वाळत घालायला शिकलेल्या, मग परक्या भाषेत ‘खाना खाल्लं का’ विचारायला शिकलेल्या. त्यांना आत घेतलं होतं का? मधल्या वर्तुळात जागा दिली होती का? पेपरमध्ये ते नाही. डीएनएमध्ये प्रवेशाचे नियम येत नाहीत.

मला रडू आलं. ममा गेल्यापासून मी रडले नव्हते, तेव्हा कामं फार होती. बावानं मला धरलं, आणि बाबा मागून म्हणाले, ‘आता रडून काय उपयोग? तेव्हा याले बोलता येत नव्हतं? माही बायको हाय, तिले आत घ्या म्हणून?’

बावाचा चेहरा पडला. कारण हे खरं होतं. तो बोलला नव्हता. आई समोर होती, दस्तूर मंत्र म्हणत होते, तो बोलला नव्हता.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. चार वर्षं न बोललेलं.

‘बाबा, आईच्या वेळी मी कुठे होते?’

ते गप्प.

‘अंगणात होते. दोरी धरून काकू उभ्या होत्या. तुम्ही म्हणालात, बायकांत बस, आपल्याकडे पोरी मसणात जात नाहीत. आणि हा कुठे होता?’

गुराखी पोरगा आणखी जवळ आला होता. लेक आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

‘खांदा देऊन राहिला होता,’ बाबा म्हणाले.

हो. माझ्या आईला खांदा दिला तो बावानं. त्याला कुणी अडवलं नाही, तो पुरुष होता. ज्याच्या धर्मात अग्नीला प्रेताचा स्पर्श म्हणजे महापाप, तो माणूस चिता पेटेपर्यंत तिथे उभा होता. घरी आल्यावर दोन दिवस धड जेवला नाही. मी विचारलं तर म्हणाला, ‘तू नव्हतीस ना, मग मी बघून ठेवलं. तुला कधी विचारायचं असेल तर.’ मी अजून विचारलेलं नाही.

बाबा तिथेच गवतात खाली बसले. गुडघे दुखतात, ते असे खाली बसत नाहीत. बराच वेळ खाडीकडे बघत होते. त्यांना पलीकडचा काठ दिसत असेल असं मला वाटत नाही.

‘मीच म्हटलं होतं,’ ते म्हणाले. ‘गावानं नाही. भाऊ तर म्हणत होता, येऊ दे तिले. मीच नाही म्हटलं.’ मग थोड्या वेळानं, ‘माह्या वेळेस घरी बसू नको.’

‘बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. वीस मिनिटांचं.’

‘सांगून ठेवलं.’

बावानं त्यांना उठायला हात दिला. त्यांनी तो घेतला, आणि उठल्यावरही लगेच सोडला नाही. जमीन उंचसखल होती, हे कारण असेल.

*

परतीच्या वाटेवर बाबा पुढे बसले. मी मागे, लेकीचं डोकं मांडीवर, पायाशी चिकूची पेटी. पुढे कापसाच्या भावावर चर्चा चालू होती. बावाला कापसातलं शून्य कळतं, पण प्रश्न चांगले विचारत होता. रेचा म्हणजे काय, सरकी कुठे जाते, गासडी किती किलोची. बाबा त्याला ‘जवाईबापू’ म्हणत होते. ‘तिले दे’वरून इथपर्यंत यायला सहाशेच्या वर किलोमीटर लागले.

डॉक्टरांकडे चारची अपॉइंटमेंट होती. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या, उपाशीपोटी यायचं नव्हतं एवढंच नशीब. पावणेबाराला चिल्हार फाटा आला.

‘इथून तारापूर किती लांब असन?’ बाबांनी विचारलं.

‘पंचवीस-तीस किलोमीटर.’

‘नाही, सहज इचारलं. पुढच्या खेपेला पाहू.’

बावानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले, आणि त्यानं इंडिकेटर दिला.